‘इनडिस्पोज्ड’: तब्येत बरी नाही की मन नाही?

इंग्रजी शिकताना ‘सिक’, ‘इल’, ‘अनवेल’ हे शब्द लवकर भेटतात. ‘इनडिस्पोज्ड’ उशिरा भेटतो, आणि भेटतो तो बहुधा अशा वाक्यात: ‘द चेअरमन इज इनडिस्पोज्ड अँड विल नॉट अटेंड.’ शब्दकोश उघडावा तर समोर दोन अर्थ. एक, किंचित आजारी. दोन, नाखूश, अनुत्सुक. मग अध्यक्षांना बरं नाहीये, की त्यांना यायचंच नाहीये?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं व्याकरणातलं उत्तर सोपं आहे. व्यवहारातलं उत्तर जरा गमतीचं आहे, त्याकडे नंतर येऊ.

पायरी पहिली: शब्दाच्या पुढे काय आहे ते बघा

‘इनडिस्पोज्ड’नंतर ‘टू’ आणि त्याला लागून क्रियापद आलं, तर अर्थ अनिच्छेचा. ‘शी वॉज इनडिस्पोज्ड टू आर्ग्यू’ म्हणजे तिला वाद घालायचा नव्हता. ती आजारी होती असा इथे अर्थच नाही. ‘दे वर इनडिस्पोज्ड टू बिलीव्ह हिम’ म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवायला ते राजी नव्हते.

शब्दापाशीच वाक्य संपलं, किंवा पुढे ‘विथ’ येऊन किरकोळ दुखण्याचं नाव आलं, तर अर्थ तब्येतीचा. ‘ही इज इनडिस्पोज्ड.’ ‘ही इज इनडिस्पोज्ड विथ अ कोल्ड.’ बरं नाहीये, सर्दी झालीये, एवढंच.

एका ठिकाणी नवखा वाचक हमखास फसतो: ‘इनडिस्पोज्ड ड्यू टू फीवर’. इथेही ‘टू’ आहे, पण तो ‘ड्यू’चा सोबती आहे आणि त्याच्यापुढे क्रियापद नसून नाम आहे. म्हणजे तापामुळे बरं नाही. नुसता ‘टू’ शोधू नका, त्याच्या पुढे काय उभं आहे तेही बघा.

आजच्या इंग्रजीत तब्येतीचा अर्थच जास्त चालतो. अनिच्छेचा अर्थ जुन्या गद्यात, कायद्याच्या किंवा मुत्सद्देगिरीच्या भाषेत आणि मुद्दाम भारदस्त लिहिणाऱ्यांकडे सापडतो. तेव्हा वरच्या वाक्यातल्या अध्यक्षांना बरं नाहीये. निदान कागदोपत्री तरी.

पायरी दुसरी: दोन अर्थ एका शब्दात कसे, ते एकदा समजून घ्या

ही पायरी वगळली तरी काम अडणार नाही, पण घेतली तर शब्द पुन्हा विसरणार नाही.

मूळ लॅटिन. ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं, त्याला ‘डिस’ जोडून ‘डिस्पोनेरे’, म्हणजे ज्याची त्याची जागा पाहून नीट मांडणं. सैन्याच्या मांडणीलाही इंग्रजीत ‘डिस्पोझिशन’ म्हणतात ते यामुळेच. ‘इन’ लागलं की उलटा अर्थ: मांडणी बिघडलेला, घडी विस्कटलेला. इंग्रजीत हा शब्द १४०० सालाच्या आसपास दिसू लागतो, तो ‘तयार नसलेला’, ‘विस्कळीत’ अशा अर्थाने. ‘जरासा आजारी’ हा आजचा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळला.

त्या काळचं युरोपातलं वैद्यक शरीरात चार रस मानायचं: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. चारांचा मेळ नीट बसला की माणूस धडधाकट. मेळ बिघडला की शरीर बिघडलं, आणि स्वभावही बिघडला, कारण स्वभाव त्याच रसांवर ठरतो अशी समजूत होती. त्यामुळे शरीराची मांडणी आणि मनाचा कल या दोन्हींना ‘डिस्पोझिशन’ हा एकच शब्द पुरायचा. शरीराची घडी बिघडली तरी ‘इनडिस्पोज्ड’, मन एखाद्या गोष्टीकडे वळेना तरी ‘इनडिस्पोज्ड’.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपली ‘प्रकृती’ घ्या. ‘त्याची प्रकृतीच तापट’ म्हणताना आपण स्वभाव सांगतो आणि ‘प्रकृती बरी नाही’ म्हणताना आरोग्य. ‘तब्येत’ही तशीच. ती मूळ अरबीतून आली, तिथे तिचा अर्थ स्वभाव, निसर्ग. आज आपली तब्येत डॉक्टर तपासतो, पण गाणं ऐकायचं ते तबियतीनं, आणि दर्दी रसिक तबियतदार! शरीर आणि मर्जी एकाच शब्दात नांदवायची सवय आपल्याला आधीपासून आहे. ‘इनडिस्पोज्ड’ला मराठीत सर्वांत जवळचा सगासोयरा शोधायचा, तर तो छापील निवेदनातलं ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ हाच.

पायरी तिसरी: आजार केवढा आणि सूर कोणता

मराठीत जिथे आपण ‘जरा कणकण आहे’, ‘कसंसंच होतंय’, ‘अंग मोडून आलंय’ म्हणतो, तेवढ्याच पट्ट्यातला हा आजार. दोन-चार दिवसांत उठून बसेल असा. हाड मोडलं, मोठी शस्त्रक्रिया झाली, माणूस अतिदक्षता विभागात आहे, अशा वेळी ‘इनडिस्पोज्ड’ लिहिलं तर वाचणारा एक तर फसेल, नाही तर तुम्हाला भाषा येत नाही असं समजेल.

शेजारचे शब्द भराभर बघून घेऊ. ‘इल’ हा सरळ शब्द, बारीक आजारापासून गंभीर आजारापर्यंत कुठेही चालतो. ‘सिक’ अमेरिकेत सर्रास ‘आजारी’ या अर्थाने. ब्रिटनमध्ये मात्र ‘ही वॉज सिक’ म्हटलं की त्याला उलटी झाली असा अर्थ चटकन घेतला जातो, तेव्हा जपून. ‘अनवेल’ सभ्य आणि बिनधोक, नवख्याने डोळे मिटून वापरावा. ‘अंडर द वेदर’ आणि ‘आउट ऑफ सॉर्ट्स’ ही गप्पांतली भाषा. दुसऱ्यात शरीराइतकीच मनाचीही कुरकुर असते. या सगळ्यांत इस्त्रीचे कपडे घालून बसलेला एकटा ‘इनडिस्पोज्ड’. तो औपचारिक आहे, थोडा जुना आहे, आणि घरगुती गप्पांत आला तर बोलणारा बहुधा थट्टा करत असतो. रात्री जास्त झालेला मित्र सकाळी उठत नसेल, तर ‘ही इज समव्हॉट इनडिस्पोज्ड धिस मॉर्निंग’ असं गंभीर चेहऱ्याने सांगण्यात इंग्रजांना भारी मजा वाटते.

पायरी चौथी: हा शब्द सांगतो किती आणि झाकतो किती, ते ओळखा

माझ्या मते या शब्दाचं खरं मर्म इथे आहे, आणि शब्दकोशाच्या दोन ओळींत ते येत नाही.

‘ही हॅज अ फीवर’ म्हटलं की समोरचा विचारतो, किती आहे, कधीपासून, औषध घेतलं का. ‘ही इज इनडिस्पोज्ड’ म्हटलं की समोरचा विचारत नाही. विचारायचं नसतं. हा शब्द म्हणजे हळूच लोटून घेतलेलं दार आहे: आत कोणी तरी आहे हे कळतं, काय चाललंय ते दिसत नाही आणि ढकलून बघणं असभ्य ठरतं. त्यामुळे तो स्वतःबद्दल कमी आणि दुसऱ्याबद्दल जास्त वापरला जातो. सचिव साहेबांबद्दल बोलतो, कनिष्ठ वकील ज्येष्ठ वकिलांसाठी पुढची तारीख मागतो, आयोजक पाहुण्यांच्या वतीने दिलगिरी व्यक्त करतो. तिऱ्हाइताच्या तोंडी हा शब्द खुलतो.

ऑपेराच्या जगात तर या शब्दाला जवळजवळ विधीचं स्थान आहे. खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्याबाहेर एखादा व्यवस्थापक येऊन उभा राहिला की प्रेक्षकांतून एक नाराजीचा सुस्कारा उमटतो, कारण तो काय सांगणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. अमुक गायिका इनडिस्पोज्ड आहेत. यापुढे दोन शक्यता. त्यांच्या जागी दुसरी गायिका गाईल, ही पहिली. कार्यक्रमपत्रिकेत घातलेल्या चिठ्ठीवर अशा वेळी ‘ओइंग टू द इनडिस्पोझिशन ऑफ...’ अशी सुरुवात असते. दुसरी शक्यता जास्त रंजक: बरं नसूनही त्या गाणार आहेत, तेव्हा रसिकांनी सांभाळून घ्यावं. अशा निवेदनानंतर एखादा वरचा सूर फाटला तरी कोणी हुर्यो करत नाही. आणि गाणं झकास झालं तर टाळ्या दुप्पट! जर्मन रंगभूमीवरही गायकाबद्दल ‘इंडिस्पोनिअर्ट’ हाच शब्द वापरतात.

आता सुरुवातीला बाजूला ठेवलेलं उत्तर. इंग्रजीत ‘डिप्लोमॅटिक इलनेस’ असा एक वाक्प्रचार आहे. भेट टाळायची आहे, पण ‘येत नाही’ म्हटलं तर अपमान होईल. मग पाहुणे ऐन वेळी ‘इनडिस्पोज्ड’ होतात. यजमानाला खरं कळतं, पाहुण्याला ते कळलंय हेही कळतं, आणि दोघांची अब्रू राहते. शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एकाच वाक्यात राहायला येतात. वर आजार, खाली अनिच्छा. आपल्याकडेही कां-कू करायच्या ऐवजी ‘जरा तब्येत बरी नव्हती’ म्हणण्याची सोय आहेच.

उलटंही घडतं. आजार खरोखर मोठा असतो आणि निवेदनात लहान करून सांगतात. सोव्हिएत संघाचे सर्वोच्च नेते युरी आंद्रोपॉव्ह ७ नोव्हेंबर १९८३ च्या क्रांतिदिनाच्या संचलनाला दिसले नाहीत, तेव्हा अधिकृत कारण सर्दीचं देण्यात आलं. प्रत्यक्षात त्यांचं मूत्रपिंड निकामी झालेलं होतं आणि ९ फेब्रुवारी १९८४ ला त्यांचं निधन झालं. सरकारी निवेदनातला किरकोळ आजार वाचताना एवढं लक्षात असू द्यावं: शब्द सौम्य आहे म्हणून आजार सौम्य असेलच असं नाही. ‘इनडिस्पोज्ड’ अशा निवेदनांत शोभतो तो नेमका याचसाठी.

आणखी एक छोटा वापर. फोन आला आणि हवा असलेला माणूस न्हाणीघरात आहे, तर ते उघड न सांगता ‘शी इज इनडिस्पोज्ड अॅट द मोमेंट’ म्हणतात. इथे आजार नाही, अनिच्छाही नाही. ‘आत्ता येता येणार नाही, कारण विचारू नका’ एवढंच. ‘अॅट द मोमेंट’ जोडलेलं दिसलं आणि संदर्भ घरचा असला, तर ही शक्यता ध्यानात घ्या. नाही तर तुम्ही काळजीने फळं घेऊन जाल.

फ्रेंच शिकत असाल तर एक सावधगिरी. तिथे याच घराण्यातला ‘अँदिस्पोझे’ स्त्रीबद्दल वापरला की मासिक पाळीचा सूचक अर्थ निघू शकतो. डच भाषेतल्या ‘ऑनखेस्टेल्ड’चं तर याच वाटेने पूर्ण रूपांतर झालं, मूळ अर्थ ‘बरं नसलेला’, आज अर्थ ‘पाळी आलेली’.

पायरी पाचवी: उच्चार

इन-डिस्-पोझ्ड. तीनच तुकडे, आणि जोर शेवटच्यावर. लिहिताना आपण ‘ज्ड’ लिहितो, पण उच्चारात ‘माझा’मधला मऊ झ आणायचा, ‘जहाज’मधल्या पहिल्या अक्षरासारखा कडक ज नाही. शेवटी ‘झेड’ असं लांबवू नका. ‘इनडिस्पोझेड’ ही हमखास ऐकू येणारी चूक आहे. ड लागून-लपून यावा.

पायरी सहावी: वाक्यात बसवताना

हे विशेषण क्रियापदानंतर येतं. ‘द सिंगर इज इनडिस्पोज्ड’ बरोबर. ‘अॅन इनडिस्पोज्ड सिंगर’ असं नामाआधी लावलं तर व्याकरण मोडत नाही, पण कानाला खटकतं. ‘आय हॅव इनडिस्पोज्ड’ साफ चूक. शेवटी ‘ड’ दिसतो म्हणून आपण त्याला क्रियापदाचा भूतकाळ समजतो आणि तिथे घसरतो. ‘आय अॅम इनडिस्पोज्ड’, ‘शी वॉज इनडिस्पोज्ड’, ‘ही बिकेम इनडिस्पोज्ड’ अशा चालीवर ठेवा.

सोबतीला ‘स्लाइटली’, ‘टेम्पररिली’, ‘सडनली’ ही क्रियाविशेषणं शोभतात. ‘सीरियसली इनडिस्पोज्ड’ लिहिलं तर वाक्य आपल्याच पायात अडकतं, कारण शब्दाचा अर्थच मुळी किरकोळ.

नाम ‘इनडिस्पोझिशन’. ‘अ स्लाइट इनडिस्पोझिशन’ म्हणजे बारीकसं दुखणं. अनिच्छेसाठीही हेच नाम चालतं, पण तिथेही पुढे ‘टू’ आणि क्रियापद हवं.

आणि एक खास इंग्रजी वळण: ‘ही वॉज नॉट इनडिस्पोज्ड टू अॅक्सेप्ट’. दोन नकार, पण अर्थ होकाराचा. स्वीकारायला त्याची ना नव्हती, किंबहुना आतून तो राजीच होता. जुन्या गद्यात हे वाक्य आलं की घाईघाईत उलटा अर्थ लावला जातो. इथे थांबून दोन्ही ‘नाही’ मोजा.

पायरी सातवी: भाऊबंदांत घोटाळा नको

‘इल-डिस्पोज्ड’ हा सगळ्यांत फसवा. त्यात ‘इल’ आहे, पण आजाराचा मागमूस नाही. ‘ही इज इल-डिस्पोज्ड टुवर्ड्‌झ अस’ म्हणजे त्याचं आपल्याबद्दल मन कलुषित आहे. आजारी साहेबांबद्दल हा शब्द लिहाल, तर साहेबांचा तुमच्यावर राग आहे असं वाचलं जाईल, आणि वाचल्यानंतर तसा खरंच येईल.

‘प्रिडिस्पोज्ड’ म्हणजे एखाद्या आजाराकडे किंवा मताकडे आधीपासून कल असलेला. डॉक्टरांच्या तोंडी नेहमीचा. ‘डिस्पोज्ड टू’ म्हणजे राजी, ‘डिस्पोज्ड ऑफ’ म्हणजे निकालात काढलेला, विल्हेवाट लावलेला. ‘इनडिस्पेन्सेबल’ दिसायला जवळचा, पण त्याचा अर्थ ‘ज्याच्यावाचून चालणार नाही असा’. त्याचं मूळही वेगळं.

पायरी आठवी: अनिच्छेसाठी दुसरा शब्द निवडा

स्वतः लिहिताना अनिच्छा सांगायला ‘इनडिस्पोज्ड’ घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. वाचणाऱ्याला आधी आजार आठवतो आणि वाक्य पुन्हा वाचावं लागतं. त्यापेक्षा चांगले शब्द हाताशी आहेत. ‘रिलक्टंट’ माणूस काम करतो, पण त्याच्या जिवावर येतं. ‘अनविलिंग’ माणूस तयारच नसतो. ‘डिसइनक्लाइन्ड’मध्ये ठाम नकार नाही, नुसतं मन होत नाही, ‘इनडिस्पोज्ड टू’च्या जागी हाच बहुतेक वेळा चपखल बसतो. ‘अव्हर्स’मध्ये नावड आहे, आणि तो बहुधा ‘नॉट अव्हर्स टू’ अशा उलट्या रूपातच भेटतो: ‘ही इज नॉट अव्हर्स टू अ ड्रिंक’, म्हणजे मिळाली तर नको म्हणत नाही.

पायरी नववी: प्रत्यक्ष निरोप लिहिताना

स्वतःच्या रजेसाठी साधं लिहा: ‘आय अॅम अनवेल टुडे अँड विल नॉट बी एबल टु कम इन.’ पुरे. रोजच्या वरिष्ठाला ‘आय अॅम इनडिस्पोज्ड’ लिहिलं तर ते चुकीचं नाही, पण जरा नाटकी वाटतं, आणि नेमकं काय झालंय हे लपवल्यासारखंही दिसतं.

दुसऱ्याच्या वतीने, औपचारिक पत्रात हा शब्द मनमोकळेपणाने वापरा: ‘द डिरेक्टर इज इनडिस्पोज्ड अँड रिग्रेट्स दॅट शी कॅनॉट बी प्रेझेंट.’ आजाराचं नाव घालू नका. ‘इनडिस्पोज्ड’ लिहून पुढच्या ओळीत जुलाबाचा तपशील देणं म्हणजे झाकलेलं स्वतःच उघडं करणं. एक तर झाका, नाही तर ‘अनवेल’ लिहून सरळ कारण सांगा. बैठक पुढे ढकलायची असेल तर त्याच पत्रात नवी तारीख सुचवा. तारीख नसेल तर समोरच्याला डिप्लोमॅटिक इलनेसचा वास येतो.

असा निरोप तुम्हाला आला, तर उत्तर दोन ओळींचं असावं: ‘आय अॅम सॉरी टू हिअर दॅट. प्लीज कन्व्हे माय बेस्ट विशेस फॉर अ स्पीडी रिकव्हरी.’ काय झालं, कुठल्या डॉक्टरांना दाखवलं, हे विचारू नका. पत्र सचिवाने पाठवलं असेल तर उत्तरही सचिवालाच पाठवा, परस्पर साहेबांच्या मोबाईलवर नको.